उघडी जमीन, वाहती माती

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की पाचोऱ्यात हिवरा नदीचे गढूळ पाणी पाहून नागरिकांना समाधान वाटते. नदीला पाणी आले, एवढेच सामान्यतः मनात येते. परंतु त्या पाण्याचा रंग हा तालुक्यातील शेतकऱ्याच्या भांडवलाचा रंग आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांकडून गिरणेकडे उतरत जाणाऱ्या या प्रदेशात जून-जुलैमध्ये कपाशी नुकतीच उगवलेली असते आणि दोन ओळींमधील तीन-चार फुटांचा पट्टा उघडाच असतो. जोराच्या सरी आणि उघडी जमीन यांची गाठ नेमकी याच काळात पडते.

धूप हे वाहत्या पाण्याचे काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तिचा प्रारंभ थेंबाच्या आघाताने होतो. थेंब ढेकूळ फोडतो. सुटे झालेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात. वर पापुद्रा धरतो आणि मुरणारे पाणी वाहू लागते. अमेरिकेत नेब्रास्का येथे एफ. एल. डुली यांनी १९३९ साली हे प्रयोगाने दाखवून दिले. काडाने झाकलेली जमीन पाणी पीत राहिली. काड उचलताच तिचे तोंड मिटले. थेंबाचा मार काडीने सोसावा आणि वाहत्या पाण्याची चाल मंद करावी, एवढेच आच्छादनाचे तत्त्व आहे.

हानी किती होते? १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात दरवर्षी हेक्टरी सरासरी १६.४ टन माती जागची हलते. हा थर जेमतेम एक मिलिमीटरहून किंचित जाड भरतो. म्हणूनच तो जाताना दिसत नाही आणि त्याची ओरडही होत नाही. पाण्याचा हिशेब याहून सोपा आहे. एका हेक्टरवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर तो एक लाख लिटर होतो. ते मुरले तर विहिरीचे. वाहिले तर कोणाचेच नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. मांजरी व सोलापूर येथील कोरडवाहू शेतीच्या संशोधनातून बांधबंदिस्ती आणि वारंवार कोळपणी यांचा पुरस्कार झाला. १९७२ च्या दुष्काळात कामावर आलेल्या लाखो हातांनी बांध घातले. परंतु बांध अडवतो ती माती आधीच जागची सुटलेली असते आणि खोल काळ्या जमिनीत बांधाशी पाणी तुंबून तो फुटतो, हाही अनुभव आहे. २०१७ मध्ये शासनाने धरणांतील गाळ उपसून शेतात नेण्याची योजना आखली. योजना उपयुक्त आहे. पण जी माती शेतातून फुकट गेली, तीच वाहन लावून परत आणावी लागते, यातील विसंगती लक्षात घ्यावयास हवी.

मग आच्छादन सर्रास का होत नाही? शेतकरी अडाणी आहे म्हणून नव्हे. ज्वारीचा कडबा हा गुरांचा घास आहे. दावणीला बैल उपाशी ठेवून शेतात कडबा पसरा, असे सांगणारा सल्लागार हास्यास्पदच ठरेल. प्रश्न गुरे खात नाहीत त्या काडीचा आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरकाट्या, केळीची वाळलेली पाने आणि उसाचे पाचट यांतील बराच भाग चुलीत जातो किंवा बांधावर पेटवला जातो. पऱ्हाट्यांची आणखी एक अडचण आहे. २०१७ मध्ये राज्यभर हाहाकार उडवणारी गुलाबी बोंडअळी त्यांच्यावरील किडक्या बोंडांत आश्रय घेते. तेव्हा त्या तशाच रचून ठेवणे घातक. हंगाम संपताच किडकी बोंडे वेचून नष्ट करणे आणि पऱ्हाट्यांचा यंत्राने बारीक चुरा करणे हाच मार्ग.

आच्छादनासाठी हेक्टरी सुमारे ५ टन काडी लागते, म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो. एका शेतातून एवढी निघेलच असे नाही. म्हणून प्रारंभ उताराच्या, हलक्या जमिनीच्या पट्ट्यांपासून करावा. पीक उगवून आल्यावर ओळींमध्ये काडी पसरावी. ती मातीत गाडू नये, कारण कुजताना ती पिकाच्या वाट्याचे नत्र काही काळ अडकवून ठेवते. पाणी तुंबणाऱ्या भारी जमिनीत पावसाळ्यात आच्छादनाऐवजी निचऱ्याकडेच आधी पाहावे. तेथे ते रब्बीत भेगा आणि बाष्पीभवन रोखण्यास अधिक कामी येईल.

चुरा करण्याचे यंत्र एकट्या अल्पभूधारकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. गावोगावच्या विकास सोसायट्यांनी ते भाड्याने उपलब्ध करून दिले, तर काडी पेटवण्याचे कारणच उरणार नाही. नोकरीनिमित्त शहरात राहून गावाकडील शेत बटाईने देणाऱ्या शिक्षक-कारकुनांवरही येथे जबाबदारी येते. बटाईदाराला एका वर्षाचे पीक हवे असते. मातीची काळजी मालकानेच वाहायची. काडी पसरण्याच्या मजुरीत मालकाने वाटा उचलला पाहिजे.

आणि शाळा? दोन पत्र्याच्या ट्रेमध्ये सारखीच माती भरून त्या तिरक्या ठेवाव्यात, एकीवर काड पसरावे आणि दोन्हींवर झारीने सारखेच पाणी घालावे. खाली ठेवलेल्या दोन बाटल्यांतील पाण्याचा रंग पाहिल्यावर विद्यार्थ्यांना वेगळे व्याख्यान देण्याची गरज पडणार नाही. हिवरेच्या पुराकडेही मग ते निराळ्या नजरेने पाहतील.