पुस्तकाबाहेरची वही

सभासद बंधू-भगिनींनो,

दर अंकात मी लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते यांवर लिहितो. या वेळचा विषय आपल्या मुलांच्या शाळेचा आहे. पण तो मला सापडला तो मळ्यातच.

गेल्या हंगामात नांदगाव तालुक्यातील एका सभासदांचा ऊस तोडणीआधी पाहायला गेलो होतो. मालक म्हणाले, "साहेब, एकरी पन्नास टन कुठं जात नाही." त्यांची नववीतली मुलगी वही घेऊन बांधावर उभी होती. ती हळूच म्हणाली, "काका, बेचाळीसच्या आसपास भरेल."

मी वही मागून घेतली. चार फुटी सरी असली की एका एकरात सरीची एकूण लांबी 10,890 फूट होते. मुलीने पाच ठिकाणी दहा-दहा फूट सरी टेपने मोजून तोडणीलायक ऊस मोजले होते. दहा फुटांत सरासरी 37 ऊस, म्हणजे एकरी सुमारे 40,300. मग दहा ऊस पाचट काढून, वाढे छाटून तोलले; साडेदहा किलो भरले. झाला हिशेब 42 टनांचा. पुढे कारखान्याच्या काट्यावर एकरी 41 टन भरले. माझा स्वतःचा अंदाज 46 चा होता, हेही सांगून टाकतो.

त्या वहीत गुणोत्तर, क्षेत्रफळ, सरासरी हे सगळे शाळेचेच गणित होते. तरी वडील म्हणाले, "हे समदं खरं, पण पुढच्या साली दहावी आहे. आता ही वही बंद!"

त्यांची काळजी खोटी नाही. दहावीच्या गुणांवर पुढचा प्रवेश ठरतो. ज्याच्याकडे जमीन थोडी आणि पाऊस बेभरवशाचा, त्याने शिक्षणावर भिस्त ठेवायची नाही तर कशावर? पण आपण शेतकरी आहोत. उसाला उशिरा नुसता युरिया देत राहिले तर फड हिरवागार दिसतो, मात्र ऊस लोळतो आणि उतारा घटतो. शाळा, शिकवणी, पुन्हा शिकवणी हेही तसेच आहे. पाठांतर वाढते, पण स्वतः मोजून पाहण्याची, चुकून सुधारण्याची सवय लागत नाही.

दुसऱ्या टोकालाही आपलीच घरे आहेत. रात्रीच्या पाळीची वीज आली की पोराला बाऱ्यावर उभे करायचे आणि सकाळी ते वर्गात पेंगते. याला कोणी अनुभवाचे शिक्षण म्हणू नये; ती राबणूक झाली. 14 वर्षांखालील मुलाची घरच्या शेतीतली मदतसुद्धा कायद्याने शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच चालते. ज्या कामात मूल प्रश्न विचारते, मोजते, नोंद ठेवते, ते शिकणे. ज्यात नुसता फावडा ओढते, ते काम.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' या वाटेने गरिबांची पोरे शिकवली. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या योजनेत आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने कामे करीत. वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, शेती-पशुपालन अशी ही कामे. शालान्त परीक्षा मंडळाने त्याला विषय म्हणून मान्यताही दिली. ध्यानात घ्या, एकच दिवस. बाकीचे दिवस वर्गाचे. तोल म्हणतात तो हाच.

आता घरचे सांगतो. माझा मुलगा नववीत गेला तेव्हा मी त्याची कबड्डी बंद केली. गुण होते तिथेच राहिले. पोरगा मात्र घुमा झाला आणि संध्याकाळी पुस्तक उघडे ठेवून भिंतीकडे पाहत बसू लागला. सहा महिन्यांनी मीच त्याला मैदानावर धाडले. शेतकी पदविका घेतलेल्या माणसाला एवढेही कळू नये, याची लाज वाटते, म्हणून लिहिले.

सभासदांनी घरी एवढे करावे. अभ्यासाची वेळ रोज ठरलेली असावी, ती पाहुणे आले तरी मोडू नये. खेळाला रोज तासभर द्यावा. मुलाच्या आवडीचा एकच उद्योग धरावा, पाच नकोत. पावसाची नोंद, गोठ्याचा हिशेब, चित्रकला, वाचन, काहीही चालेल. परीक्षेआधीचे दोन महिने तो आवरता घ्यावा, पण मुळापासून उपटू नये. आणि शाळेच्या वेळेत किंवा रात्री मुलाला पाण्यावर धाडू नये.

त्या मुलीच्या वडिलांशी त्या दिवशी चहा घेता घेता तडजोड झाली. रविवारी सकाळचे दोन तास वहीचे, बाकी वेळ दहावीचा. ती यंदा दहावीत आहे. निकाल लागायचा आहे, त्यामुळे त्याबद्दल मी काही सांगणार नाही. खोडव्याची फुटवा-मोजणी मात्र तिने करून ठेवली आहे.

पुढच्या वेळी आमचा माणूस नोंदीसाठी तुमच्या फडात येईल, तेव्हा टेपचे दुसरे टोक पोराच्या हाती द्या. आकडा त्यालाच लिहू द्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी