काचेचा धागा आणि मोडलेले हाड

पायात काच रुतली की पहिला शब्द निघतो, "आधी ती बाहेर काढ." बरोबरच आहे. आत राहिली, तर शरीर तिच्याभोवती चिवट पापुद्रा धरून तिला वेगळी टाकते. मग हाड सांधायला काचेचे धागे वापरायचे, हा उफराटाच प्रकार की, असं तुम्ही म्हणाल!

पण शरीराची गाठ पडते ती काचेच्या वरच्या थराशी. अमेरिकेत फ्लॉरिडा विद्यापीठातील लॅरी हेंच यांनी १९६९ साली एक वेगळी काच बनवली. खिडकीच्या काचेत सिलिका, म्हणजे वाळूचा अंश, शेकडा ७० च्या वर. हिच्यात तो ४५, सोडा आणि चुना भरपूर, शिवाय थोडे फॉस्फरस. तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी ओढून पाहतात, तो निघेनात! अंगातल्या पाण्याने वरचा सोडा निघून गेला होता, मागे सिलिकाचा मऊ थर राहिला होता, आणि त्यावर चुना व फॉस्फेट साचून हाडातल्यासारखेच खनिज झाले होते. हाडाने ते आपलेच मानले.

आता धागा. गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. एक ग्रॅम काचेच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग जेमतेम सव्वातीन चौरस सेंटिमीटर. तिचाच मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका जाड धागा ओढला, तर तो पाच किलोमीटर भरतो, आणि पृष्ठभाग होतो १,६०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे गुण असो की दोष, सुमारे पाचशेपट!

मोडलेल्या हाडाला धातूची पट्टी बसवली, की कित्येकदा ती काढायला पुन्हा चिरफाड. त्याऐवजी अंगात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये असेच विरघळणारे काचधागे घालून पट्टी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. अडचण सांध्यात आहे. धागा आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये पाणी शिरते, पकड सुटते, आणि हाड जुळण्याआधीच पट्टी लुळी पडते. म्हणून धाग्यावर आधी सिलेन नावाच्या रसायनाचा हात फिरवतात. त्याच्या रेणूचे एक टोक काचेला धरते, दुसरे प्लॅस्टिकला. दुसरी रीत, हेंच यांच्यासारख्या काचेचा धागा रक्तातल्याच क्षारांच्या पाण्यात भिजत ठेवून त्यावर हाडाच्या खनिजाचा लेप आधीच चढवायचा.

बाजारात मिळणारा काचेचा कापूस मात्र कुणी जखमेवर ठेवू नये. ती काच निराळी, आणि तिच्यावरचे लेप कारखान्याच्या सोयीचे असतात, माणसाच्या अंगासाठी नव्हेत.