अपघात विभागाच्या दारात

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा बांधकामावर राबणारा माणूस दवाखान्यात कधी जातो? दुखणे अंगावर काढून झाल्यावर! सकाळच्या ओपीडीत रांग लावली तर रोज बुडतो. मग ताप, पोटदुखी घेऊन रात्री त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा. त्याच दारातून यंत्रात सापडलेला हात येतो, सर्पदंश येतो, छातीतली कळ येते.

इथे आधी आलेल्याला आधी, असा हिशेब नसतो. ज्याच्या जिवाला जास्त धोका, त्याला आधी घेतात. हे कोणी समजावले नाही की मागून आलेला आत जाताना पाहून बसलेल्याला वाटते, याचा वशिला असणार. किती वेळ लागेल, का लागेल, पुढे काय करणार, एवढे नीट सांगितले तरी रुग्णाचे अर्धे समाधान होते. देशोदेशीच्या पाहण्यांतही हेच दिसले आहे. 'ए, तिकडे बस' हा घाव मात्र मलमपट्टीने भरत नाही.

बंधू-भगिनींनो, तातडीचा उपचार म्हणजे कोणाचे उपकार नव्हेत. सरकारी असो वा खाजगी, डॉक्टरने जखमीला आधी वाचवावे, पोलिसी कागदपत्रे मागून व्हावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात बजावले. १९९२ साली बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार असूनही एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परतवले. खाजगीत सुमारे १७ हजार रुपये मोजावे लागले. १९९६ साली न्यायालयाने त्याला २५ हजारांची भरपाई दिली. वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क नाकारणे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असा तो निकाल आहे.

घरात प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे. १०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालय त्यातच येते. छातीत कळ, तोंड वाकडे होणे, धाप, साप चावणे यांत सकाळची वाट पाहू नका. मांत्रिकाकडे तर नकोच. केसपेपर आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या जवळ ठेवा. काय झाले आहे, कोणते औषध दिले, पुन्हा कधी यायचे, हे नम्रपणे पण ताठ मानेने विचारा. डॉक्टर-सिस्टरही रात्रभर उभे असतात, त्यांच्यावर हात उगारू नका. तक्रार असेल तर वेळ-तारीख घालून लेखी द्या आणि पोच घ्या.