सर्वांसमोर गणित मांडणारी बाई

२०२३ मध्ये बीबीसीने ब्रिटिश टीव्ही सूत्रधार कॅरल व्होर्डरमनला नारळ दिला आणि रेडिओ वेल्सवरचा तिचा शनिवार सकाळचा कार्यक्रम बंद झाला. कारण एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा सत्तेत असलेल्या हुजूर पक्षावर ती समाजमाध्यमांतून तुटून पडायची, ते बीबीसीच्या तेव्हाच्या नव्या नियमावलीत बसत नव्हतं आणि तिने गप्प बसायला साफ नकार दिला. सरकारवर टीका करणाऱ्या बीबीसीच्या फुटबॉल सूत्रधार गॅरी लिनेकरचं प्रकरण, त्यानंतर आलेले नियम, हे सगळं वाचून झालं आहे. ही बाई बोलते ती कशाच्या जोरावर, हे मात्र बातम्यांत कुठे दिसलं नाही. तिचा भर आकड्यांवर असतो. आणि लोकांसमोर आकडे मांडण्याचं काम तिने आयुष्यभर केलं आहे.

तिचा जन्म १९६०चा, इंग्लंडमधल्या बेडफर्डचा. वडील डच, आई वेल्श. कॅरल तीन आठवड्यांची असताना दोघं वेगळे झाले आणि आई तिन्ही मुलांना घेऊन माहेरी आली, उत्तर वेल्समधल्या प्रेस्टॅटिन या समुद्रकाठच्या गावी. पैशांची कायम ओढाताण. शाळेत ज्या मुलांना फुकट जेवण मिळायचं, त्यांत कॅरलही होती. तिथून सतराव्या वर्षी ती केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात इंजिनिअरिंग शिकायला गेली. त्या कॉलेजाने मुलींना प्रवेश द्यायला जेमतेम दोन वर्षं झाली होती. पदवी मिळाली ती तिसऱ्या वर्गाची. तिचा हा तिसरा वर्ग टीकाकार अजून उगाळतात. फुकट जेवणाच्या रांगेतून केंब्रिजच्या इंजिनिअरिंगपर्यंत पोचलेल्या मुलीचं मोठेपण त्यांना त्यात दिसत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तिच्या कहाणीतला मला सर्वांत आवडणारा भाग यानंतरचा आहे. पदवीनंतर तिने काही काळ स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी केली ती लॅनबेरिसजवळच्या डिनॉर्विग वीजकेंद्रात. स्लेटच्या जुन्या खाणीजवळ डोंगर आतून पोखरून हे केंद्र उभारलं जात होतं. आपल्या घाटघरसारखाच हा उदंचन प्रकल्प: रात्री स्वस्त विजेवर पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. ब्रिटनमध्ये ही मागणी एकाएकी वाढण्याचं एक कारण म्हणजे टीव्ही. एखादी लोकप्रिय मालिका संपली की लाखो घरांत एकदम चहाच्या किटल्या चालू होतात. ४ जुलै १९९० ला विश्वचषक फुटबॉलची इंग्लंड-पश्चिम जर्मनी उपांत्य लढत संपली, तेव्हा विजेची मागणी काही मिनिटांत २,८०० मेगावॅटने वाढली. अशा वेळी डिनॉर्विगची जनित्रं काही सेकंदांत पुरा जोर धरतात. त्या डोंगरात काम केलेली ही मुलगी पुढे त्याच चहाच्या वेळेला घराघरांत दिसू लागली, याचं मला फार अप्रूप आहे.

ती टीव्हीवर गेली ती आईमुळे. कॅरल लीड्समध्ये नोकरीला असताना आईने वर्तमानपत्रात जाहिरात पाहिली: नव्या कार्यक्रमासाठी गणित चांगलं असलेली तरुणी हवी. आईने परस्पर अर्ज लिहिला, खाली मुलीची सही स्वतःच ठोकली आणि पाठवून दिला. तो कार्यक्रम म्हणजे ‘काउंटडाउन’. २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल फोर सुरू झालं, तेव्हा त्यावरचा पहिलावहिला कार्यक्रम हाच होता. मूळ कल्पना फ्रेंच, सूत्रधार रिचर्ड व्हाइटली. अक्षरांतून शब्द आणि सहा अंकांतून ठरलेली संख्या, तीस सेकंदांत. स्पर्धकांना जमलं नाही की कॅरल बोर्डावर उत्तर मांडून दाखवायची.

नव्वदच्या दशकातला एक भाग गणितवेड्या मंडळींत अजून पुन्हा पुन्हा पाहिला जातो. आकडे होते २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६. गाठायची संख्या ९५२. स्पर्धक सांगू लागला: १०० आणि ६ मिळून १०६, त्याला ३ ने गुणले, ३१८. आता ७५ ने गुणा. २३,८५० एवढा मोठा आकडा या खेळात कुणी काढत नाही. त्यातून ५० वजा, २३,८००. भागिले २५. बरोबर ९५२. यातली खुबी अशी, की तो आकडा डोक्यात धरायची गरजच नाही. ७५ भागिले २५ म्हणजे ३, ५० भागिले २५ म्हणजे २. तेव्हा ३१८ त्रिक ९५४, वजा २. कॅरल हे सगळं बोर्डावर पायरी पायरीने लिहीत गेली. रोज दुपारी एक बाई हे करताना पाहत ब्रिटनमधल्या मुली मोठ्या झाल्या. गणित हे बायकांचं काम नव्हे असं म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

ही नोकरी २६ वर्षं टिकली. २००५ मध्ये व्हाइटली गेले. २००८ मध्ये मानधनात ९० टक्के कपात मान्य करायला सांगितलं, असं ती म्हणते. तेव्हा तिने कार्यक्रम सोडला. दरम्यान कर्ज देणाऱ्या एका कंपनीची जाहिरातही तिने केली होती. कर्जात बुडालेल्यांना मदत करणाऱ्या संस्थांनी त्यावर कडक टीका केली आणि ती योग्यच होती. टक्केवारी कळणाऱ्या बाईने ते करायला नको होतं.

ज्या पक्षाविरुद्ध ती उभी राहिली, त्याच पक्षाने एकेकाळी तिला बोलावून घेतलं होतं. हुजूर पक्षाच्या सांगण्यावरून तिने गणित शिक्षणावरच्या समितीचं नेतृत्व केलं. २०११ च्या त्या अहवालाने सुचवलं, की प्रत्येक मुलाने अठराव्या वर्षापर्यंत गणित शिकावं. तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी जानेवारी २०२३ मध्ये हीच घोषणा केली! मधली बारा वर्षं वाया गेली.

तिचा संताप करोनाकाळातल्या संरक्षक साहित्याच्या खरेदीवर होता. राजकीय ओळखीवाल्यांसाठी वेगळी ‘व्हीआयपी’ वाट काढली गेली. न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. उमरावसभेच्या एका सदस्याने शिफारस केलेल्या कंपनीला २० कोटी पौंडांहून अधिक रकमेची कंत्राटं मिळाली. या पैशांचा हिशेब ती जाहीरपणे मागत होती. भाषा कधी कधी फार तिखट असायची, हे मान्य. पण ती शनिवारी सकाळी वेल्समधल्या श्रोत्यांशी गप्पा मारायची, बातम्या वाचत नव्हती. वृत्तनिवेदकाची निःपक्षपाती शिस्त तिच्यावर लादण्यात बीबीसी चुकली, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुनक यांच्या घोषणेचा पुढचा प्रश्न तर तसाच पडून राहिला: इंग्लंडमध्ये गणिताचे शिक्षक आधीच कमी होते, मग ही जादा दोन वर्षं शिकवणार कोण? त्यावर कॅरलचं म्हणणं मला सविस्तर ऐकायचं होतं, आणि ते बीबीसीवर ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.