कॅप्सूल बदलायची कोणी?

भविष्यवादी वास्तुकलेचा विषय निघाला की डोळ्यांपुढे आकार येतात: उंच मनोरे, भिंतीबाहेरून वर चढणाऱ्या लिफ्ट, एकावर एक गेलेले पूल. मिलानमध्ये काम करणाऱ्या अंतोनिओ सांतेलियाने 1914 साली ‘नवं नगर’ या चित्रमालिकेत हे सगळं रेखाटलं आणि पुढची शंभर वर्षं चित्रपटांतली शहरंसुद्धा त्याच वळणाची निघाली. पण त्याच वर्षीच्या भविष्यवादी वास्तुकलेच्या जाहीरनाम्यात या आकारांहून कितीतरी स्फोटक मागणी होती: घराचं आयुष्य माणसापेक्षा कमी असावं, प्रत्येक पिढीने आपलं शहर स्वतः बांधावं. (हा भाग मारिनेत्तीने घातला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात, 1909चा भविष्यवादाचा पहिला जाहीरनामा त्याचाच.) माझ्या मते या परंपरेचा गाभा इथे आहे. मागोवा घ्यायचा तो या वचनाचा. आकार उभे राहिले, बदल मात्र अडला. आणि तो तंत्रापायी जितका अडला त्याहून जास्त अडला तो मालकी, खर्च आणि निर्णय यांची घडी कोणी बसवलीच नाही म्हणून.

सांतेलिया 1916 साली महायुद्धात मारला गेला, अवघ्या 28व्या वर्षी. त्याचं एक चित्र प्रत्यक्षात उतरलं ते 1933 मध्ये, त्याच्या जन्मगावी कोमोत, आणि तेही दगडी युद्धस्मारक म्हणून. ज्याला बांधायला वेळच मिळाला नाही त्याच्या कागदावरच्या स्वप्नाला कसोटी लावणं अन्यायाचं आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून बांधलेल्या इमारतींकडे वळू. तुरीनमधला फियाटचा लिंगोत्तो कारखाना 1923 मध्ये सुरू झाला. माल तळमजल्यावर आत येई, मजल्यामजल्याने जुळणी होत गाडी वर चढे आणि शेवटी छतावरच्या चाचणीच्या धावपट्टीवर निघे. भविष्यवाद्यांनी या इमारतीला आपलं मानलं. 1982 मध्ये कारखाना बंद झाला, तरी ती पाडावी लागली नाही. वास्तुकार रेन्झो पियानोच्या आराखड्याने तिथे संमेलन केंद्र, हॉटेल, दुकानं आली आणि 2021 मध्ये धावपट्टीवर बाग फुलली. काँक्रीटचा सांगाडा ऐसपैस होता हे एक कारण. दुसरं असं की काय करायचं हे ठरवताना धनी एकच होता.

जिथे धनी अनेक होते तिथली गोष्ट टोकियोची आहे. 1960 साली तिथल्या जागतिक डिझाइन परिषदेच्या निमित्ताने किशो कुरोकावा, कियोनोरी किकुताके आदी तरुणांनी ‘मेटाबॉलिझम’ची, म्हणजे चयापचयाची, कल्पना मांडली: इमारतीचा कणा टिकावा आणि पेशी झडून नव्या याव्यात. कुरोकावाने 1972 मध्ये गिन्झात नाकागिन कॅप्सूल टॉवर उभारला. दोन मनोऱ्यांभोवती 140 कॅप्सूल, प्रत्येकीची जागा सुमारे दहा चौरस मीटर. आत एक पलंग, भिंतीतच बसवलेलं टेबल व कपाटं, विमानातल्यासारखं इवलंसं न्हाणीघर आणि बाहेर पाहायला एक मोठी गोल खिडकी. कारखान्यात तयार झालेली ही खोली चार बोल्टांनी कण्याला जोडलेली. सुमारे पंचवीस वर्षांनी ती काढून नवी बसवायची, असा बेत होता. पन्नास वर्षांत एकही बदलली नाही. 2007 मध्ये मालकांनी इमारत पाडण्याच्या बाजूने कौल दिला, त्याच वर्षी कुरोकावा गेला आणि 2022 मध्ये ती उतरवली गेली.

तंत्रच फसलं, असं यावर म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे: अॅस्बेस्टॉस होता, गळती होती, खालची कॅप्सूल काढायची तर वरच्या आधी हलवाव्या लागत. पण पाडताना क्रेनने त्याच कॅप्सूल एकेक करून उतरवल्या आणि 23 जतनासाठी बाजूला काढल्या. म्हणजे सुटणं शक्य होतं. सगळ्यांनी एकाच वेळी पैसे काढून ते घडवून आणायचं कसं, याची तजवीज नव्हती. याचा उलटा पुरावा जपानातच आहे. इसेचं मंदिर सातव्या शतकापासून साधारण वीस वर्षांनी नव्याने बांधलं जातं. 2013 मध्ये 62वी खेप झाली. त्यामागे सुतारांची परंपरा, राखलेलं जंगल आणि खर्च उचलणारी संस्था आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या यादवीत हे चक्र शंभराहून अधिक वर्षं थांबलं. विस्कटली होती ती राज्यव्यवस्था, आणि तिच्यासोबत पैसा आटला.

पिढीगणिक बांधणं आज पर्यावरणाला परवडणारं नाही, हा दुसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सरसकट पाडण्याला तो पूर्ण लागू पडतो. तुकड्यातुकड्याने वाढण्याला तितका नाही. लिमातल्या ‘प्रेव्ही’ या वसाहतीसाठी मेटाबॉलिस्टांबरोबर भारतीय वास्तुकार चार्ल्स कोरियांनीही आराखडा दिला होता, आणि तिथल्या रहिवाशांनी पुढे मजले चढवून, खोल्या जोडून घरं ओळखू न येण्याइतकी बदलली. कोरियांनी 1980च्या दशकात बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये बदल कोणी ठरवायचा आणि खर्च कोणी उचलायचा या प्रश्नाचं उत्तर जमिनीवरच आखलं. सात-सात घरांचा एक चौक, प्रत्येकाचा स्वतंत्र प्लॉट आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. म्हणून घर वाढवताना सोसायटीचा ठराव मांडायची गरज पडत नाही. अनेकांनी मूळ कौलारू घर पाडून तिथे काँक्रीटचं बांधलं, याची हळहळ वास्तुकारांना वाटते आणि ती मी समजू शकतो. तरी चौकांची मांडणी राहिली आणि कुटुंबांनी आपापल्या ऐपतीने, आपापल्या वेळी घर बदललं. जाहीरनाम्याने मागितलेली गोष्ट इतक्या जवळ क्वचितच कुठे आली असेल. बैठ्या वसाहतीचं हे उत्तर वीस मजल्यांना जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे खांब, नळ आणि जिना सामाईक; तेव्हा पहिल्या दिवसापासून बदलासाठी साठवलेला निधी आणि तो कोणी, केव्हा वापरायचा याचा करार आराखड्याइतकाच नीट काढावा लागेल, आणि ते काम वास्तुकाराने आपलं मानायला हवं.