दोन फुटांची टाकी, सात तासांचा उजेड

कुर्ल्याच्या मासेटाक्यांच्या दुकानांत पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘टाकी किती फुटांची?’’ दुसरा, ‘‘मासे कुठले?’’ झाडांचा विषय काढला की दुकानदार निळ्या-गुलाबी लाइटखालच्या टाकीकडे बोट दाखवतो. त्या उजेडात लाल रोटाला नुसती पेटलेली दिसते. घरी आणून पांढऱ्या लाइटखाली ठेवली की तीच विटकरी निघते. लाइट दुकानातच राहतो, झाड आपल्याकडे येतं.

माझी टाकी मुलुंडच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या आतल्या भिंतीला आहे, मुद्दाम खिडकीपासून लांब. पश्चिमेचं ऊन काचेवर आलं की पाणी तापतं आणि काचेवर शेवाळ धरतं. चोवीस इंच लांब, बारा रुंद, बारा उंच. काठोकाठ भरली तर पंचावन्न लिटर. पाणी महापालिकेचं. धरणांतून येणारं हे पाणी मऊ असतं आणि बहुतेक झाडांना मानवतं. फक्त क्लोरिन मारायला अँटिक्लोरिनचे थेंब टाकावे लागतात. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल, तर मात्र हे गृहीत धरू नये.

आता उजेड. एलईडीच्या खोक्यावर वॉट, ल्युमेन आणि 6500 केल्व्हिन छापलेलं असतं. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट उजेडाला सगळ्यांत तल्लख असतो. झाड मात्र 400 ते 700 नॅनोमीटरमधलं बरंच काही वापरतं. तरी साध्या पांढऱ्या एलईडीत झाडाला लागणारं सगळं पुरेसं असतं, म्हणून ल्युमेनचा ढोबळ हिशेब चालतो: सोप्या झाडांना लिटरमागे वीसेक, हौस असेल तर तीस. म्हणजे पंचावन्न लिटरला अकराशे ते साडेसोळाशे. वॉटमागे शंभर ल्युमेन देणारा पंधरा वॉटचा लाइट यात आरामात बसतो. रंगीत एलईडीचे महागडे लाइट लालाला लाल आणि हिरव्याला हिरवं दाखवतात, हे खरं. पण ती मौज बघणाऱ्याची.

तरीही आपल्याकडचे हौशी लोक टाकीवर पन्नास वॉटचा फ्लडलाइट टांगतात, सोसायटीच्या गेटवर किंवा गणपतीच्या मंडपात लावतात तोच. स्वस्त असतो, झगझगीत असतो, आणि पहिला आठवडा टाकी देखणी दिसते. मग पानांच्या कडांना काळी दाढी फुटते. कारण उजेड वाढला की झाडाची कार्बन डायऑक्साइडची आणि खताची मागणी वाढते. साध्या पाण्यात हा वायू नावापुरता असतो. सिलिंडर लावणारे तो लिटरमागे तीस मिलिग्रॅमपर्यंत नेतात. कुणी दोन बाटल्यांत सायट्रिक ॲसिड आणि खायचा सोडा घेऊन घरीच तयार करतात. तेवढी तजवीज नसेल तर झाडं अडून बसतात आणि उरलेला उजेड शेवाळ खातं. शाळेत उलट्या फनेलखाली हायड्रिला ठेवून बुडबुडे मोजले होते ना, तोच प्रकार संध्याकाळी टाकीत पानापानावर दिसतो. हौशी लोक त्याला पर्लिंग म्हणतात. ते दिसावं म्हणून लाइट वाढवत जाण्याचा मोह होतो. तिथे हात आवरायचा.

मुंबईत दुसरी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात बंद हॉलमधलं पाणी तीस अंशांच्या पुढे जातं. गरम पाण्यात वायू कमी विरघळतो आणि झाडाचा श्वसनावरचा खर्च वाढतो. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी थोडं उतरतं, पण आपल्या दमट हवेत त्याचाही जोर कमीच. छायाचित्रकार ताकाशी अमानो यांच्या टाक्यांतली हिरवळ पाहून जो तो ‘क्युबा’ या बुटक्या झाडाचा गालिचा मागतो. त्या टाक्यांमागे भरपूर उजेड होता आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर होता. आपल्याकडे एप्रिलमध्ये लावलेला क्युबा जूनपर्यंत टिकेल, अशी आशा मी तरी धरणार नाही.

माझ्या मते, मुंबईच्या घरात आधी उन्हाळा सोसणारी झाडं निवडावीत आणि लाइट त्यांच्या बेताने घ्यावा. ॲन्युबियस आणि जावा फर्न लाकडाला दोऱ्याने बांधावेत. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया. मधे श्रीलंकेचा क्रिप्टोकोरिन वेंड्टी. जागा बदलली की तो रुसतो, सगळी पानं विरघळतात. फेकून देऊ नका, मुळांतून पुन्हा फुटतो. आणि चक्क ब्राह्मी! केसांच्या तेलातली ब्राह्मी पाण्याखालीही सरळसोट वाढते. नर्सरीतली झाडं बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात; टाकीत आल्यावर जुनी पानं पिवळी पडतात. खरेदी कशी झाली, ते नव्या पानांवरून ठरवावं.

पश्चिम घाटातही अशी पाणझाडं आहेत. साताऱ्याच्या सड्यांवरचा, दोन शाखांच्या तुऱ्याचा वायतुरा ॲक्वेरियमवाल्यांना माहीत असलेल्या अपोनोजेटॉन कुळातलाच. पण तो धोक्यात आलेला आणि जगात इथेच उगवणारा. त्याचा कंद उपटायचा विचारही नको. पवईच्या तलावातूनही काही आणू नये. गोगलगायी आणि घाण सोबत येतात, शिवाय तिथे मगरी आहेत.

माझा लाइट दुपारी साडेतीनला लागतो आणि रात्री साडेदहाला विझतो. लोकलने घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. सकाळी उजेड देऊन काय उपयोग, बघणार कोण? सात तास झाडांनाही पुरतात. पहिल्यांदा टाकी लावत असाल तर लाइटच्या आधी टायमर घ्या, लाइट मंद करता येणारा घ्या आणि क्युबाचं नाव पुढच्या वर्षी काढा.