वाट पाहण्याचा हिशेब

आमची मातृभाषा कोंकणी. कोंकणीत 'रावप' असे एक क्रियापद आहे. 'तूं खंय रावता?' म्हणजे 'तू कोठे राहतोस?' आणि 'मातशें राव' म्हणजे 'थोडा थांब'. वसती करणे आणि थांबणे या दोन्ही क्रियांना तेथे एकच शब्द आहे. लहानपणी आम्हांला यात काही विशेष वाटले नाही. पुढे आमच्या कुटुंबाने स्वतःच्या घरासाठी आठ वर्षे वाट पाहिली, आणि तीही ज्या वस्तीत घर घ्यावयाचे त्याच वस्तीत भाड्याने राहून पाहिली, तेव्हा त्या शब्दाचे दोन्ही अर्थ आम्हांला चांगलेच कळले. घरांचे भाव उतरू लागले असता थांबावे की घर घ्यावे, हा प्रश्न पुष्कळ घरांतून रात्रीच्या जेवणानंतर निघतो. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. कला शाखेचे साधे पदवीधर आहोत. परंतु या प्रश्नाचे मर्म शाळेतल्या शेकडेवारीच्या गणितानेही बरेचसे उलगडते, म्हणून हा लेख.

प्रथम वस्तीविषयी. विद्यानगर हे नाव सार्थ आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ येथून जवळ. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता आणि औरंगाबादचे विद्यापीठ तर १९५८ मध्ये निघाले. त्यामुळे त्यापूर्वी मराठवाड्यातील अनेक तरुण पदवीसाठी याच शहरात येत. काही शिकून परत गेले, काही येथेच रुजले. दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे रुग्णालय याच वस्तीत आहे. त्यांचे पती चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. वस्तीला रेल्वेचे स्टेशन आहे, नल्लकुंट्याचा बाजार जवळ आहे, आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत कानांवर पडतात. आमचे वडील नोकरीनिमित्त गोव्यातील काणकोणहून येथे आले आणि इथलेच झाले.

परिचित वस्तीतच घर घ्यावे असे माणसाला का वाटते? केवळ मायेपोटी नव्हे. ओळखीच्या वस्तीत राहणाऱ्याजवळ माहितीचे भांडवल असते. 'कुंटा' या तेलुगू शब्दाचा अर्थ लहान तळे. हुसेनसागराचे जादा पाणी वाहून नेणारा नाला नल्लकुंटा आणि अंबरपेठ या भागांतून मुसी नदीकडे जातो. ऑगस्ट २००० मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी झाली, तेव्हा शहरातल्या सखल जागांत पाणी शिरले. कोणत्या गल्लीत पाणी साचते, कोणत्या इमारतीची कूपनलिका उन्हाळ्यात आटते, कोणाच्या मिळकतीवर भावाभावांत तंटा आहे, हे बाहेरच्या माणसाला दलाल सांगत नाही. शेजाऱ्याला मात्र ते न सांगताच ठाऊक असते. हे भांडवल दुसऱ्या वस्तीत नेता येत नाही. म्हणूनच घराचा भाव अन्यत्र कमी असला तरी शहाणी माणसे आपल्याच गल्लीत घर मिळण्याची वाट पाहतात.

आता भाव का उतरतात ते पाहू. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही मोठी वित्तसंस्था दिवाळखोरीत गेली. तेथील घरांचे भाव २००६ पासूनच उतरू लागले होते आणि ते सावरावयास २०१२ साल उजाडले. हैदराबादेतील संगणक-व्यवसायाचे ग्राहक बहुतांशी अमेरिकेत. तिकडे शिंक आली की इकडे पडसे होणारच. त्यात ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली पत्राने दिली. त्यापूर्वी काही आठवडे त्यांनी मेटास या बांधकाम कंपन्या सत्यमच्या पैशाने विकत घेण्याचा घाट घातला होता, पण भागधारकांनी तो हाणून पाडला. 'मेटास' म्हणजे रोमन लिपीतील 'सत्यम'चीच अक्षरे उलट्या क्रमाने! नोकरीची शाश्वती गेली की वीस वर्षांचे कर्ज काढावयास कोण धजावेल?

पाठोपाठ डिसेंबर २००९ मध्ये वेगळ्या तेलंगणाचा प्रश्न पेटला. विद्यापीठ हे त्या चळवळीचे केंद्र होते. तेव्हा आम्ही नुकतेच महाविद्यालयात जाऊ लागलो होतो. काही दुपारी अश्रुधुराचा झोंबरा वास खिडकीतून आत येई आणि आई ओला पंचा तोंडावर धरावयास देई. राज्य केव्हा होणार, राजधानी कोणाची राहणार, हे कोणासच ठाऊक नव्हते. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले तोवर ही अनिश्चितता टिकली. राष्ट्रीय आवास बँकेने २००७ सालचे भाव १०० धरून शहरांचे निर्देशांक काढले, त्यांत हैदराबादचा आकडा पुढील कित्येक वर्षे शंभराच्या खालीच होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या वस्तीत भाव उतरतात ते भाजीच्या भावासारखे ओरडून नव्हे. घरमालक आपला आकडा सोडत नाही. फक्त 'विकणे आहे' ही पाटी एका उन्हाळ्याऐवजी तीन उन्हाळे टांगलेली राहते. त्या काळात देशातील महागाई दरसाल सुमारे नऊ-दहा टक्क्यांनी वाढत होती. धान्य, पगार, शाळेची फी सारे वाढत असता घराचा आकडा पाच वर्षे जागच्या जागी राहिला, तर ते घर एक रुपयाही न उतरता स्वस्त झाले, असेच म्हटले पाहिजे.

मग थांबणाऱ्याचे नुकसान किती आणि लाभ किती? एक उदाहरण करून पाहा. समजा, घराची किंमत ४०,००,००० रुपये. आपल्याजवळ १०,००,००० आहेत, उरलेले ३०,००,००० कर्जाने घ्यावयाचे. कर्जावर ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे २,७०,०००. आपले दहा लाख बँकेत राहिले असते तर ७ टक्क्यांनी ७०,००० मिळाले असते, तेही गेले. एकूण ३,४०,०००. उलट भाड्याने राहिल्यास महिना १२,००० प्रमाणे वर्षाला १,४४,०००. म्हणजे थांबणाऱ्याची वर्षाला १,९६,००० रुपयांची बचत होते. ही रक्कम घराच्या किमतीच्या ४.९ टक्के भरते. याचा अर्थ असा की, भाव वर्षाकाठी पाच टक्क्यांहून कमी वाढत असतील, स्थिर असतील किंवा उतरत असतील, तोवर थांबणे फायद्याचे; त्याहून अधिक वेगाने वाढू लागले की थांबणे तोट्याचे. मुद्रांकशुल्क, दुरुस्ती आणि मालमत्ता-कर यांचा हिशेब आम्ही सोपेपणासाठी सोडला आहे. तुम्ही आपल्या घरचे आकडे घालून तो पुरा करावा.

दुसरे गणित व्याजाचे. तीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज १० टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे २९,००० रुपये पडतो. ९ टक्क्यांनी घेतले तर सुमारे २७,०००. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर आणला होता. केवळ किमतीकडे टक लावून बसणारा मनुष्य हे विसरतो की, किंमत थोडी उतरली आणि व्याज चढले, तर हातात काहीच पडत नाही.

तिसरे गणित फसवे आहे. ५० चे ४० झाले म्हणजे वीस टक्के घट झाली; पण ४० चे पुन्हा ५० व्हावयास पंचवीस टक्के वाढ लागते. ज्याने चढ्या भावात घर घेतले, त्याला हा चढ चढावा लागतो. जपानात १९९१ च्या सुमारास जमिनीचे भाव कोसळू लागले आणि दहा वर्षांहून अधिक काळ उतरतच राहिले. तेव्हा 'भाव उद्या वाढणारच' हे दलालाचे वाक्य जितके अविचाराचे, तितकेच 'भाव अजून उतरणारच' हे थांबणाऱ्याचे वाक्यही अविचाराचे. तळ कोठे होता हे तळ सोडून वर आल्यावरच कळते.

आमच्या घरी नेमके हेच झाले. २००८ च्या उन्हाळ्यात एका दलालाने गल्लीतले एक घर दाखविले आणि आठ दिवसांत निर्णय मागितला. बाबांनी नकार दिला. तो शहाणपणाचा होता. वर्षभरात तोच दलाल कमी आकडा घेऊन परत आला. २०१२ मध्ये त्याच गल्लीत तळमजल्यावर एक सदनिका मिळत होती. पुढे अंगणाची पट्टी होती, आईची तुळस तेथे सहज मावली असती. किंमत आवाक्यात होती, कर्जही मंजूर झाले होते. परंतु एकदा थांबून फायदा झालेल्या मनुष्यास थांबण्याचीच गोडी लागते. बाबा म्हणाले, ''आणखी सहा महिने पाहू.'' आई एवढेच म्हणाली, ''आनीक कितलो तेंप रावप?'' दोन महिन्यांत ती सदनिका दुसऱ्याने घेतली. नवे राज्य झाल्यावर अनिश्चितता सरली, भाव हलू लागले, आणि २०१६ मध्ये आम्ही अधिक पैसे देऊन मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, त्याहून लहान घर घेतले. उद्वाहक नाही. आईचे गुडघे दुखतात. ती दिवसातून एकदाच खाली उतरते. पहिला हिशेब बाबांनी कागदावर केला होता, दुसरा केवळ मनात केला. या चुकीचा दोष आम्ही कोणासही देत नाही; त्या चर्चेत आम्हीही होतो आणि आम्हीही 'थांबू या' असेच म्हटले होते.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. एका कुटुंबाने थांबणे ही काटकसर. पण सारे शहर थांबले की गिऱ्हाईक नाहीसे होते, भाव आणखी पडतात, इमारती अर्धवट राहतात. त्या वेळी पालमूरकडून येणाऱ्या बांधकाम-मजुरांच्या चुली प्रथम विझतात. एकट्याचे शहाणपण सर्वांनी मिळून केले म्हणजे मंदी होते, हा विचार इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात मांडला. यास्तव कोणी केवळ परोपकारासाठी महाग घर घ्यावे असे नाही; पण भाव उतरल्याची बातमी सर्वांनाच गोड नसते, एवढे आपण जाणावे.

तात्पर्य, थांबावयास हरकत नाही; परंतु थांबण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहाव्या. किती किंमत झाली म्हणजे आपण घेणार, महिन्याला किती हप्ता पोट न मारता देता येईल, आणि कोणत्या तारखेनंतर आपण अधिक थांबणार नाही. किंमत आणि हप्ता जुळले, की कागदपत्रे व मिळकतीवरील बोजा वकिलाकडून तपासून घ्यावा आणि व्यवहार पुरा करावा. भाव त्यानंतर आणखी चार पैशांनी उतरला तरी हळहळू नये. आणि चौथी गोष्ट, जी आकड्यांत बसत नाही, तीही खाली लिहावी: त्या घरात राहावयाचे कोणाला आहे, आणि त्यांचे वय काय आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी हा विषय निघाला तर 'मुलांना काय कळते' असे कोणी म्हणेल. तरी पाटी-पेन्सिल घेऊन शेजारी बसा आणि वरील उदाहरण आपल्या आकड्यांनी सोडवून दाखवा. आमच्या घरी २०१२ साली तसे कोणी बसले असते, तर आज आईची तुळस गच्चीतल्या डब्यात नसती.